कैरोला जाताय? टाचा पिशवीत, ओढणी पर्समध्ये

विषय: कैरो ट्रिप – काय घालायचं?
रुवीहून

नमस्कार मंडळी,
जानेवारीत आम्ही सहा जणी पाच दिवस कैरोला चाललोय. नवरे आणि मुलं मस्कतलाच. एकीनं सगळ्यांसाठी काळे अबाया आणलेत, दुसरीनं पिरॅमिडपुढच्या फोटोसाठी पैठणी काढून ठेवली आहे, आणि मी दोघींच्या मधे. मंगळसूत्र घालावं का? मेट्रोनं फिरता येतं का? आपल्या मस्कतच्या मंडळात कुणी तिथे राहून आलं असेल तर कृपया कळवा.

विषय: उत्तर: कैरो ट्रिप – काय घालायचं?
अल खुवैरहून

अगं, अबाया परत दे. मी कैरोच्या मादी नावाच्या भागात तीन वर्षं काढली आहेत. कैरोच्या बायका आपल्यापेक्षा जास्त नटतात. हिजाबसुद्धा बुटांशी रंग जुळवून, चापूनचोपून पिना लावून, आणि डोळ्यांत ठसठशीत काजळ. डोकं झाकायची सक्ती कुणावर नाही. इजिप्तच्या स्त्री-चळवळीतल्या हुदा शारावींनी कैरोच्या रेल्वे स्टेशनवर चेहऱ्यावरचा पडदा बाजूला केला तो 1923 मध्ये.

मात्र वस्ती बघून कपडे घालायचे. जमालेकसारख्या उच्चभ्रू वस्तीत संध्याकाळी गुडघ्यापर्यंतचा ड्रेस खपून जातो. तोच खान अल-खलिलीच्या जुन्या बाजारात घातलास तर दिवसभर खाली ओढत बसशील. आपला पंजाबी ड्रेस सगळीकडे चालतो, आणि ओढणी म्हणजे तर लाख मोलाची. अल-अझहर मशिदीत बायकांना डोकं झाकावं लागतं, तिथे तीच डोक्यावर घ्यायची. किल्ल्यातल्या मोहम्मद अली मशिदीत दंड उघडे दिसले की हिरवा झगा देतात. माझे त्या झग्यातले फोटो आमच्याकडे अजून दर दिवाळीला निघतात.

खरा प्रश्न पायांचा आहे. फुटपाथ कुठे गुडघ्याएवढा उंच, मधेच झाड, मधेच फरशी गायब, म्हणून सगळं गाव रस्त्यावरून चालतं. पहिल्याच आठवड्यात तलात हर्ब चौकाजवळ माझ्या सँडलची टाच फटीत अडकून मोडली. मी एका पायावर बगळ्यासारखी उभी. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं खुर्ची आणून दिली, त्याचा पोऱ्या सँडल घेऊन मोच्याकडे पळाला. मोच्यानं किती घेतले ते विचारू नकोस, पण चहाचे पैसे त्या माणसानं काही केल्या घेतले नाहीत. तेव्हा सपाट, पटकन काढता येतील असेच बूट घ्या. मशिदीच्या दारात नाड्या सोडत बसायला वैताग येतो.

मेट्रो बिनधास्त घ्या. 1987 पासून आहे, गाडीच्या मधले डबे बायकांचे. आत गेलीस की थेट आपला लोकलचा लेडीज डबा: मोजे, केसांच्या क्लिपा, टिश्यू, सगळं विकायला येतं. रात्री मात्र उबर बरी.

रस्त्यात पोरं बोलतात, ते खोटं कशाला सांगू? बरंचसं "हिंदिया! अमिताभ बच्चन!" इतकंच असतं. त्याला हसून उत्तर दिलं की चार गल्ल्या मागे येतात, म्हणून सरळ चालत राहायचं. कुणी अंगचटीला आलाच तर मोठ्यानं "ऐब!" म्हणायचं. म्हणजे "लाज नाही वाटत?" आजूबाजूची माणसंच त्याला झापतात. छेडछाडीविरुद्ध 2014 पासून कायदाही आहे, आणि पर्यटक पोलिसांचा नंबर 126.

सोनं बघायचं तर खानला लागूनच सराफ बाजार आहे, अस-सागा. तिथे 18 आणि 21 कॅरेट चालतं, आपलं 22 नाही. घडणावळीला ते "मसनइय्या" म्हणतात. दर ठरलेला असतो, घासाघीस काय ती घडणावळीवर. चित्रलिपीत नाव कोरलेलं पदक सगळेच घेतात, तुम्हीही घ्याल. याच खानमधल्या कारागिरांच्या हाताखाली अझ्झा फहमी नावाची मुलगी 1969 मध्ये काम शिकायला बसली. आज तिचे दागिने इतके महाग, की घ्यायचे तर पैसे भरायला नवऱ्याला सोबत न्यावं लागेल.

विषय: उत्तर: उत्तर: कैरो ट्रिप – काय घालायचं?
गुब्राहून

मावशींचं सगळं पटलं, एक सोडून. पंजाबी ड्रेस सगळीकडे नाही चालत. मोठ्या पिरॅमिडच्या आत जायचं असेल तर वर चढणारी वाट इतकी बुटकी आहे की कमरेत वाकून चढावं लागतं. माझी ओढणी मागच्या बाईच्या पायाखाली आली आणि मी तिच्या अंगावर. आत हवाही कोंदट. तिथे टीशर्ट आणि लेगिंग.

पैठणी न्याच, पण बाहेरच्या फोटोपुरती आणि सकाळी उघडताच. उन्हं चढली की वारा सुटतो, वाळू जरीत शिरते. आम्ही निऱ्यांना सात सेफ्टी पिना लावल्या होत्या. फोटो एकच काढायचा होता, पण शाळेची सहल आली आणि त्या मुलींबरोबर चाळीसेक सेल्फी झाले. तेवढ्यात एका उंटवाल्यानं मला "फुकट" वर बसवलं. वर बसणं फुकट, खाली उतरायचे पैसे.

मंगळसूत्र तिथे कुणाला कळत नाही. लग्न झालंय का, हे विचारतात मात्र सगळे. त्यांच्याकडे साखरपुड्याची अंगठी उजव्या हातात असते, लग्नानंतर ती डाव्या हातात जाते. मी दुसऱ्या दिवशी डाव्या हातात खोटी अंगठी चढवली आणि निम्मे प्रश्न थांबले.

आणि सुट्टे! त्याला "फक्का" म्हणतात. पाच-दहा पाउंडांच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा. बाथरूमच्या दारात टिश्यू घेऊन बाई बसलेली असते, तिच्याकडे मोड नसते.

शाली विसरू नका. जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास जातो, आपल्या मस्कतकरांना ते महाबळेश्वरच.

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: कैरो ट्रिप
रुवीहून

अबाया आजच परत केले. पैठणी येतेय, आत लेगिंगसकट. मावशी, एकच राहिलं. आमच्यातली एक ऐकायला तयार नाही, नाइलवरच्या बोटीतल्या जेवणाला तिला तीन इंची टाचाच घालायच्या आहेत.

विषय: उत्तर: टाचा
अल खुवैरहून

बोटीवर घालू दे. बोटीपर्यंत पिशवीत.