पाठटाचणात डिजिटल साधन कधी घ्यावे आणि कधी टाळावे?

प्रश्न – छात्राध्यापिका (गणित-विज्ञान)

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असून सध्या आंतरवासितेसाठी एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या वर्गांवर पाठ घेत आहे. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनंतर हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, शाळेतील प्रत्यक्ष कामाचा काळ वाढला आणि माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानालाही त्यात जागा मिळाली. त्यामुळे पीपीटी, चित्रफीत, गुगल फॉर्म ही साधने हाताळण्यात आम्हाला अडचण येत नाही. अडचण वेगळीच आहे. टाचणातील (पाठाच्या लेखी आराखड्यातील) 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात एखादे डिजिटल साधन नसेल तर पाठ अपुरा वाटतो, असा समज आमच्यात रुजला आहे आणि त्यामुळे पाठाची उद्दिष्टे ठरण्याआधीच आम्ही चित्रफिती शोधायला बसतो.

अलीकडे नववीच्या 'धाराविद्युत' प्रकरणावरील एका सहाध्यायाच्या पाठाचे मी निरीक्षण केले. एकसर आणि समांतर जोडणी त्याने पडद्यावर सिम्युलेशनने (संगणकावरील हलत्या प्रतिकृतीने) दाखवली; मुले रमली, उत्तरेही भराभर आली. नंतर सेल, वायर आणि टॉर्चचा लहान बल्ब हातात दिल्यावर मात्र अनेकांना तो पेटवता येईना, कारण एक वायर बल्बच्या तळाच्या टोकाला आणि दुसरी त्याच्या धातूच्या कडेला लावायची असते, हे पडद्यावरच्या चित्रातून त्यांच्या लक्षात आलेच नव्हते. मग त्या तासात मुले नेमके काय शिकली, हा प्रश्न मला पडला. उद्या शिक्षिका म्हणून उभी राहिल्यावर तंत्रज्ञान कुठे घ्यायचे आणि कुठे टाळायचे, याचा काही निकष अनुभवी शिक्षकांनी सुचवावा, ही विनंती.

प्रतिसाद – दहावीचे गणित

या उदाहरणावरून सिम्युलेशन निरुपयोगी ठरत नाही. त्याचा क्रम चुकला, एवढेच म्हणता येईल. सेल आणि बल्ब स्वस्तात मिळतात, मुलांच्या हातात देता येतात, तेव्हा तिथे पहिला मान वस्तूचा. परंतु पेटलेल्या बल्बकडे कितीही वेळ पाहिले तरी तारेत काय चालले आहे ते दिसत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात आणि रोध वाढवला की त्यांची गती मंदावते. हाताने जोडणी करून झाल्यावर हे दाखवले, तर मुलांच्या मनात तयार झालेल्या प्रश्नाला ते उत्तर ठरते. (इलेक्ट्रॉन म्हणजे खरोखरच निळ्या गोळ्या, अशी समजूत होऊ नये म्हणून ही केवळ प्रतिकृती आहे, हेही तेव्हाच सांगावे लागते.)

माझा निकष असा: जे फळ्यावर किंवा हातात वस्तू देऊन होत नाही, त्यासाठीच पडदा. दहावीच्या भूमितीतील आंतरलिखित कोनाचे प्रमेय घ्या. फळ्यावरची आकृती एकच असते आणि ती स्थिर असते. त्यामुळे प्रमेय त्या आकृतीपुरतेच आहे, असे बऱ्याच मुलांना नकळत वाटत राहते. जिओजिब्रा या भूमितीच्या संगणक प्रणालीत वर्तुळावर ए, बी आणि पी हे बिंदू घेऊन कोन एपीबी मोजावा आणि पी हा बिंदू कंसावरून सरकवत न्यावा. माप ५० अंश असेल, तर बिंदू त्या कंसावर कुठेही असला तरी ५० अंशच राहते. पी हा बी ओलांडण्याच्या बेतात असताना हात थांबवावा आणि पलीकडे गेल्यावर काय होईल, याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहायला लावावा. पी ने बी ओलांडताच माप १३० होते, आणि दोन्ही मापांची बेरीज १८० येते हे ध्यानात आले की चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, या प्रमेयापर्यंत मुले जवळजवळ आपली आपणच पोहोचतात.

यात एक खोच आहे. जिओजिब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते. त्यामुळे कोनाच्या गुणधर्मांत '० ते १८० अंश' ही मर्यादा आधी निवडली नाही, तर पलीकडे १३० ऐवजी २३० उमटते आणि सगळा पाठ त्या आकड्याचे स्पष्टीकरण देण्यात जातो. शिवाय पडद्यावर ५० दिसले म्हणजे प्रमेय सिद्ध झाले, असे होत नाही. सिद्धता फळ्यावर, पायरी पायरीने, खडूनेच द्यावी लागते, आणि कंपास-कोनमापक घेऊन आकृती काढण्याचा सरावही मुलांनीच करायचा असतो.

प्रतिसाद – अध्यापक महाविद्यालयातून

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये असे मांडले की, आशयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान वेगवेगळे असून भागत नाही. हा विशिष्ट आशय मुलांना कसा उमगेल, याचे ज्ञान हीच शिक्षकाची खरी विद्या होय. पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर या संशोधकांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली. आपल्याकडे मात्र ही चौकट आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान या तीन वर्तुळांची आकृती म्हणून पाठ होते आणि परीक्षेनंतर मागे पडते.

साधन आले म्हणून अध्यापन बदलले, असे यापूर्वीही घडलेले नाही. १९७५-७६ मध्ये एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणीवरून शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्यात आले. आपल्या राज्यात पुण्याच्या बालचित्रवाणीने १९८४ पासून शालेय कार्यक्रमांची निर्मिती केली आणि ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्या कार्यक्रमांतील काही फार चांगले होते. परंतु दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी सुरू होई आणि ठरलेल्या वेळी संपे. एखादे मूल गोंधळले म्हणून शिक्षकाला तो थांबवता येत नसे. आज थांबवण्याची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये आहे आणि तरीही मी पाहिलेल्या सराव पाठांत चित्रफीत बहुधा अखंड चालते, छात्राध्यापक बाजूला उभे राहतात आणि शेवटी 'समजले का?' असे विचारतात. टाचणात साधनाच्या नावापुढे ते कितव्या मिनिटाला थांबवणार आणि तिथे कोणता प्रश्न विचारणार, हे लिहिता येत नसेल, तर त्या पाठात ते साधन नको, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

प्रतिसाद – जिल्हा परिषद शाळेतून

वरील दोन्ही मते मला मान्य आहेत, पण ती एका वर्गाला एक शिक्षक हे गृहीत धरून मांडलेली आहेत. आमच्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात. मी पहिलीच्या मुलांकडून अक्षरे गिरवून घेत असताना चौथीचा गट पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरील पाठ ऐकत बसतो. तो पाठ फळ्यावरही शिकवता आला असता, हे खरे. पण त्या वेळी फळ्यापाशी उभे राहणारे कोणी नसते. नेटवर्कचा भरवसा नसल्याने सगळे साहित्य आदल्या दिवशी उतरवून ठेवावे लागते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा चर्चा झाली ती बक्षिसाच्या दहा लाख डॉलरची. क्यूआर कोडमागचे साहित्य त्यांनी आपल्या वर्गातील मुलांची गरज पाहून तयार केले होते, ही मला अधिक महत्त्वाची वाटणारी बाब मात्र मागे पडली.

दुसरा मुद्दा एकेका मुलाचा आहे. आमच्याकडे अल्पदृष्टी असलेली एक मुलगी आहे. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ टॅबवर उघडून ती अक्षरे हवी तेवढी मोठी करते आणि सर्वांबरोबर वाचते. तिच्या बाबतीत टॅब हेच पुस्तक आहे. तिथे 'फळ्याने भागते का?' हा निकष लावणे बरोबर ठरणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. 'कितव्या मिनिटाला थांबवणार' ही नोंद मी पुढील टाचणापासून करणार आहे. आणखी एक शंका आहे: आमच्यापैकी काही जण संपूर्ण टाचणच चॅटजीपीटीकडून लिहून घेतात आणि ते दिसायला आमच्या टाचणापेक्षा नीटनेटके असते. वार्षिक पाठाच्या वेळी परीक्षकांना हा फरक कळतो का?

प्रतिसाद – अध्यापक महाविद्यालयातून

बहुतेक वेळा कळतो. अशा टाचणात 'विद्यार्थी कृती' या रकान्यातील सगळी मुले पहिल्याच प्रयत्नात बरोबर उत्तर देतात. नववीच्या खऱ्या वर्गात 'समांतर जोडणीत आणखी एक रोध जोडला की एकूण रोध वाढेल' असे ठामपणे सांगणारी मुले असतातच. टाचणात ते चुकीचे उत्तर आणि त्यावर विचारायचा पुढचा प्रश्न लिहिलेला असेल, तर मी आधी ते पान वाचतो. अक्षर कसे आहे आणि पीपीटी आहे की नाही, हे नंतर पाहतो.