खिशात स्प्रिंगचा चाकू: कामाचा, का नसती कटकट?

मोसंबीवाला (जालना)
रोज खिशात ठेवायला बारीक घडीचा चाकू घ्यायचा तर माझं मत स्प्रिंगवाल्याला. त्यातलं नावाजलेलं मॉडेल म्हणजे कर्शॉ लीक: पातं 3 इंच, वजन 85 ग्रॅमच्या आसपास, पेनासारखा खिशाला अडकतो. पात्यामागचा उंचवटा बोटानं जरा दाबला की उरलेलं पातं स्प्रिंग बाहेर फेकते. बागेत एका हातात ठिबकची लॅटरल (झाडांच्या ओळीतली नळी), दुसरा चिखलानं माखलेला. नखानं खाच शोधून पातं ओढायला तिसरा हात आणू कुठून?

बीडचा काका
अडचण खरी आहे. पण नाक्यावर झडती घेणाऱ्या हवालदाराला हे सगळं समजावत बसणार का? 'खट्' वाजलं की त्याच्या लेखी रामपुरीच.

मोसंबीवाला
काका, खटक्याच्या चाकूत मुठीवरचं बटण दाबलं की पातं सुटतं. यात पात्यालाच रेटा द्यावा लागतो, तोवर तीच स्प्रिंग त्याला आत दाबून धरते. आणि शस्त्रपरवान्याच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती येतात, त्यातूनही शेतीची, घरकामाची वगळलीत.

काळा कोट (लातूर)
तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. सण, मोर्चा, निवडणूक आली की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो. तो आदेश एकदा वाचाच: तलवारी, भाले, बंदुका, सुरे आणि त्याच ओळीत काठ्यासुद्धा. तिथं इंच कोण मोजतंय? मोडला तर कलम 135 खाली शिक्षा. 15 दिवसांचा एक संपतो न संपतो तोच दुसरा निघतो, आपल्याकडं तर बघायलाच नको.

कापूसवाला (परभणी)
कायद्याचं काय घेऊन बसलात, काळ्या मातीचं बोला. वेचणीच्या दिवसांत खिशात नुसती धूळ अन् कापसाचे तंतू. बिजागरीत तेल सोडलं की सगळं तिथंच चिकटतं, मग पातं अर्ध्यात अडकतं. साधा चाकू धुऊन पुसला की झालं. स्प्रिंग तुटली तर बसवणार कोण? गावाबाहेर पाल टाकणारे घिसाडी गाडीच्या पाट्याचं खुरपं डोळ्यांदेखत घडवून देतात, पण ही तारेएवढी पट्टी बघून हसतील राव.

मोसंबीवाला
तुटली तरी हातानं उघडतो की. साधा होतो, एवढंच.

कापूसवाला
मग आधीच साधा घ्या ना! जास्तीचे पैसे कशाला घालायलात?

रोपवाटिकावाली ताई
दादा, मोसंबीचं नाव घेतलंत म्हणून सांगते. रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरताना, म्हणजे कलम करताना, साल उचलायला बोथट पट्टी लागते, ती कलमाच्या चाकूलाच असते. आणि लीकचं टोक लई नाजूक. लॅटरलला भोक पाडायला खुपसलं की गेलंच म्हणा.

बीडचा काका
आणि दुचाकीवर बसताना खिशातच उघडला तर?

मोसंबीवाला
टोकाशी सरकती कळ आहे. ती लावली की पातं हलत नाही.

कापूसवाला
म्हणजे उघडायच्या आधी ती सरकवायची. चिखलाच्या हातानं?