‘मॅक्सवेलचा राक्षस’: राक्षस, झडप की राखणदार?

प्रश्न: सोलापुरात बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना मी ‘मॅक्सवेलचा राक्षस’ म्हणतो, पण मुलांना तो महाकाय आणि दुष्ट वाटतो. दुसरा शब्द आहे का? ‘एन्ट्रॉपी’ला ‘अव्यवस्था’ म्हणावे का?

उत्तर: सर, ‘एन्ट्रॉपी’ तशीच राहू द्यावी. क्लॉसियसने १८६५ मध्ये हे नाव ‘एनर्जी’शी जुळेल असे मुद्दाम घडवले, ती ऊर्जा किती विखुरली हे सांगणारी, जूल प्रति केल्विनमध्ये मोजायची राशी आहे, हे ‘अव्यवस्था’ म्हटल्यावर सुटून जाते.

राक्षसाबद्दलचा आपला आक्षेप मात्र रास्त आहे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६७ मध्ये आपले मित्र टेट यांना लिहिलेल्या पत्रात कल्पिला, तो वायूच्या दोन कप्प्यांमधील दारावर बसून वेगवान रेणू एकीकडे आणि मंद रेणू दुसरीकडे सोडणारा, तीक्ष्ण नजरेचा चिमुकला जीव. मे महिन्यात सोलापुरातल्या खिडकीवर असा कोणी बसवता आला, तर कूलरला ना पाणी लागेल ना वीज. ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाला (उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही, म्हणजेच एकूण एन्ट्रॉपी घटत नाही) नेमके हेच मान्य नाही. ‘डीमन’ हे त्याचे मूळ इंग्रजी नाव विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी १८७४ मध्ये दिले, तेही मध्यस्थी करणारा जीव या अर्थाने; दुष्टपणा त्यांना अभिप्रेत नव्हता. म्हणून मी ‘राखणदार’ सुचवतो. कोकणात तो अदृश्य असतो, आपल्याकडे ज्वारीच्या शेतात दिसतो, आणि दोन्हीकडे कोणाला आत येऊ द्यायचे हे तोच ठरवतो.

आणखी एक मत: मॅक्सवेलने स्वतःच पुढे ‘त्याला झडप म्हणा’ असे लिहिले होते, मग तोच शब्द का नको?

उत्तर: कारण नुसत्या झडपेने काम होत नाही. रेणूच्या धक्क्याने हलेल इतकी हलकी झडप स्वतःच तापून वाटेल तेव्हा फडफडू लागते आणि निवड संपते, हे स्मोलुकोव्स्की यांनी १९१२ मध्ये दाखवले. निवड करायची तर रेणूची नोंद ठेवावी लागते, आणि खरी मेख तिथे आहे: लँडाउअर यांच्या १९६१ च्या सिद्धांतानुसार नोंदीचा एक बिट (‘हो’ की ‘नाही’ एवढी माहिती) पुसताना तापमानाच्या प्रमाणात किमान ठरावीक उष्णता बाहेर पडतेच. बेनेट यांनी १९८२ मध्ये हाच हिशेब मॅक्सवेलच्या जीवाला लावला. स्मृती कधी ना कधी रिकामी करावीच लागते आणि तेव्हा वाचवलेली एन्ट्रॉपी परत फेडावी लागते. झडपेला स्मृती नसते, राखणदाराला असते. पाठ्यपुस्तकात ‘राक्षस’ छापलेला असल्यास पहिल्या उल्लेखात तो कंसात द्यावा, म्हणजे परीक्षेत मुलांची अडचण होणार नाही.