हिल नवरा-बायकोची केस: सगळं 'स्लीप पॅरालिसिस' म्हणून उडवून लावता येतं का?

रात्रपाळी
मंडळी, सध्या बेटी आणि बार्नी हिलची केस वाचतोय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १९ सप्टेंबर १९६१ ची रात्र, दोघं कॅनडातून गाडीने न्यू हॅम्पशरला घरी परत येतायत, व्हाइट माउंटन्सच्या डोंगराळ भागात आकाशातला एक उजेड गाडीच्या मागे लागतो, बार्नी खाली उतरून दुर्बिणीतून बघतो तर चक्क खिडक्या आणि आत उभ्या आकृत्या, मग घाबरून गाडी सुसाट पळवतो. घरी पोचतात पण दोनेक तासांचा हिशोबच लागत नाही. बेटीचा ड्रेस फाटलेला, बार्नीच्या बुटांची टोकं खरवडलेली. १९६४ मध्ये बॉस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांनी दोघांना वेगवेगळं हिप्नोटाइज केलं तर दोघांनीही सांगितलं की आम्हाला यानात नेऊन तपासलं. टेपवर बार्नी अक्षरशः किंचाळतो हो.

ती सोशल वर्कर, तो पोस्टात नोकरीला, १९६५ मध्ये बॉस्टनच्या पेपरने छापेपर्यंत यांनी गाजावाजाही केला नव्हता. खोटं बोलत होते असं मला तरी वाटत नाही. मग संशयवादी लोक जिथे तिथे स्लीप पॅरालिसिस (झोपेतून जाग येते पण अंग हलत नाही ती अवस्था) का चिकटवतात? तो माणूस गाडी चालवत होता ना!

ठाणेकर_मी
आमच्याकडे गावाला यालाच छातीवर मुंज्या बसला म्हणतात. डोळे उघडे, अंग हलत नाही, खोलीत कोणीतरी उभं आहे असं वाटतं. आपल्याकडे मुंज्या, अमेरिकेत एलियन, बाकी काय फरक नाय.

खडूस
@ठाणेकर_मी, बिछान्यातून उचलून नेल्याच्या ज्या केसेस आहेत त्यांना तुमचं म्हणणं लागू पडतं, पण हिलच्या केसला नाही, तिथे रात्रपाळींचा मुद्दा बरोबर आहे.

हिलच्या केसमध्ये क्रम बघा, सगळी गोम तिथेच आहे. घटनेनंतर साधारण दहा दिवसांनी बेटीला ओळीने काही रात्री स्वप्नं पडली. यानात नेणं, तपासणी, बेंबीत सुई, सगळं त्या स्वप्नांत आहे. तिने ती लिहून काढली आणि लोकांना सांगितली, तेव्हा बार्नी बऱ्याचदा शेजारीच बसलेला असायचा. हिप्नोसिस त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळाने! म्हणजे 'दोघांनी वेगवेगळं सांगूनही जुळलं' यात नवल ते काय राहिलं? खुद्द सायमन यांचंही मत हेच होतं की यानातला भाग बेटीच्या स्वप्नांतून आलाय आणि बार्नीने तो तिच्याकडून उचललाय. गंमत म्हणजे भक्तमंडळी सायमनच्या टेप दाखवतात पण सायमनचा निष्कर्ष सोयीस्कर गाळतात.

अजून एक. बार्नीने कानाकडे वळत जाणाऱ्या डोळ्यांचं वर्णन केलं ते २२ फेब्रुवारी १९६४ च्या सेशनमध्ये. तसल्याच डोळ्यांचा एलियन असलेला 'द आउटर लिमिट्स'चा एपिसोड टीव्हीवर लागला १० फेब्रुवारीला. आम्ही तो कार्यक्रम बघत नव्हतो असं बेटी नंतर म्हणाली, तेव्हा यावर मी फार उड्या मारणार नाही, पण तारखा बोलक्या आहेत.

मनीमाऊ
मानसशास्त्र शिकलेय म्हणून किंचाळण्याबद्दल लिहिते. हार्वर्डच्या रिचर्ड मॅकनॅली यांच्या टीमने असे अनुभव सांगणाऱ्यांना त्यांचेच किस्से रेकॉर्ड करून ऐकवले. हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम, सगळं खऱ्या आघातातून गेलेल्या लोकांसारखंच वाढलं. म्हणजे भीती शंभर टक्के खरी, पण त्यावरून घटना घडली होती असं सिद्ध होत नाही.

त्याच टीममधल्या सुसान क्लॅन्सी यांचा २००२ चा प्रयोग तर तुम्ही घरीच करून बघा. कोणालातरी उशी, पांघरूण, जांभई, घोरणं, अंथरूण, स्वप्न असे शब्द वाचून दाखवा आणि थोड्या वेळाने विचारा, यात 'झोप' होता का? बरेच जण छातीठोकपणे हो म्हणतील. एलियननी नेल्याची आठवण 'परत मिळालेले' लोक अशा चुका इतरांपेक्षा जास्त करत होते. माणसं मोजकीच होती, म्हणून ब्रह्मवाक्य समजू नका. पण हिप्नोसिसमध्ये आठवण अचूक होत नाही, माणसाची खात्री तेवढी वाढते, आणि ऐकणाऱ्याला त्या खात्रीचीच भुरळ पडते.

रात्रपाळी
हे पटलं, विशेषतः स्वप्नांचा क्रम. पण दुर्बिणीतून दिसलं त्याचं काय? ते हिप्नोसिसच्या कितीतरी आधीचं आहे, १९६१ च्या ऑक्टोबरमध्येच एकाने त्यांची मुलाखत घेऊन नोंद केलीय.

खडूस
हो, आणि म्हणूनच दिसणं वेगळं आणि उचलून नेणं वेगळं, दोन्हीची मोट बांधू नका. उजेड म्हणजे त्या रात्री चंद्राजवळ असलेला गुरू असं काहीजण म्हणतात, काहीजण डोंगरावरच्या दिव्याकडे बोट दाखवतात. उजेडापुरतं ठीक, खिडक्या आणि आकृत्यांचं समाधानकारक उत्तर मला कोणाचंच वाटत नाही. मात्र परिस्थिती लक्षात घ्या, मध्यरात्र, लांबचा प्रवास, आणि १९६१ च्या अमेरिकेत काळा नवरा आणि गोरी बायको सुनसान रस्त्यावर. कोणीतरी आपल्या मागे आहे ही धास्ती बार्नीला त्या उजेडाच्या आधीपासून होती, टेपमध्ये ते येतं.

ठाणेकर_मी
काका, हा काळा-गोरा अँगल आधी कोणी सांगितलाच नव्हता. टेपची लिंक असेल तर टाका, रात्री हेडफोन लावून ऐकतो.

मनीमाऊ
दिवसा ऐका ओ 😄