नानकटाईचं ताट शेजारी द्यायचं, की सोसायटीचा खोका दाराला अडकवायचा?

तिखटमीठ

परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. टँकर, पार्किंग, गळकी टाकी, आणि सगळ्यात शेवटी 'दिवाळी फराळ देवाणघेवाण'. ठराव असा: यंदा घरोघरी ताटं फिरवायची नाहीत. प्रत्येक फ्लॅटने 350 रुपये काढायचे, कमिटी एकाच ठिकाणाहून नानकटाई-चकलीचे खोके मागवणार आणि वॉचमन ते दाराला अडकवून जाणार. 48 फ्लॅट, 48 सारखे खोके. मी हात वर केला नाही तर सेक्रेटरी म्हणाले, "तुमचं म्हणणं काय ते सांगा ना." तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझं लहानपण मिरजेचं. दिवाळीच्या आठवडाभर आधी बेकरीच्या भट्टीवर नंबर लावावा लागे. मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलदोडा-जायफळाची पूड हे सगळं घरून न्यायचं, शिवाय रिकामा पत्र्याचा डबा, त्यावर खळीने चिकटवलेली आडनावाची चिठ्ठी. दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर. तूप-साखर परातीत तळहाताने फेसायची. हे काम दादाचं आणि माझं, आळीपाळीने. खांदा भरून आला की दादा चिमूटभर गोळा पाण्याच्या वाटीत टाकायचा. तरंगला तर मैदा घाला, बुडाला तर "फेस अजून!" मग लिंबाएवढे गोळे, जरा चपटे करून वर एकेक चारोळी दाबायची. भट्टीतून पत्रा बाहेर आला की लगेच हात लावायची सोय नव्हती, गरम नानकटाईचा भुगा होतो. तासभर नुसता वास घेत बसायचं.

आणि मग ताटं. अकरा घरं. विणलेला रुमाल झाकून आम्ही पोरं ताटं पोचवायचो, आणि कुठलंच ताट रिकामं परत यायचं नाही. काही नाही तर चमचाभर साखर तरी.

आता यातलं काय काय 350 रुपयांत येतं?

खडूस काका

साफ असहमत. मी तुमच्या सेक्रेटरीच्या बाजूने.

गेल्या दिवाळीत आमच्या घरची शंकरपाळी चार दिवसांनी आमच्याच घरी परत आली. कशी ओळखली? आमच्या कातणाचा एक दात तुटलाय, त्यामुळे नागमोडी कडेत दर दोन बोटांवर सपाट जागा पडते. म्हणजे आम्ही दुसऱ्या मजल्यावर दिली, तिथून ती पाचव्यावर गेली, आणि पाचव्याने आम्हाला. कुणीही एक तुकडा तोंडात टाकलेला नाही. याला देवाणघेवाण म्हणायचं तर म्हणा. मी याला शंकरपाळ्यांना लिफ्टची सैर घडवणं म्हणतो.

शून्य साखर

काकांना +१. आमच्या घरात दोघांनाही डायबेटिस. दिवाळीत आठ-दहा ताटं येतात, नाही म्हणता येत नाही, आणि वर परतफेड म्हणून आम्हालाही करावं लागतं. डालड्याबद्दलही लिहिणार होतो, पण 2022 च्या जानेवारीपासून तेल-तुपातलं ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या आत आणलंय, तेव्हा तो मुद्दा जरा बोथट झालाय. साखरेचा झालेला नाही.

उंबरठा

लेख छान, वास आला अगदी. पण एक विचारू? या सगळ्यात तुमची आई कुठे आहे?

भट्टीवर तुम्ही आणि दादा. ताटं पोचवायला तुम्ही पोरं. मैदा चाळला कुणी, साखर दळून आणली कुणी, वेलदोडे सोलून कुटले कुणी? आणि तुम्ही तासभर वास घेत बसला होता तेव्हा घरी चकल्या कोण तळत होतं? आमच्या आईला दिवाळी म्हटलं की भाजणीपासून पाठदुखीच आठवते. नोकरी करून रात्री अकराला अनारसे थापायची, कारण समोरच्या काकूंच्या ताटात अनारसे असायचे. आमच्याकडे तीन वर्षांपासून सगळा फराळ गल्लीतल्या बचत गटाकडून येतो. त्या बायकांना दोन पैसे मिळतात, आई लक्ष्मीपूजनाला नवी साडी नेसून निवांत बसते. यात काय गेलं?

तिखटमीठ

उंबरठा, खरं सांगू, आई कधीच भट्टीवर आलेली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं. ती घरी तळणीपुढे असायची. आम्ही डबा घेऊन आलो की पहिली नानकटाई मोडून बघायची आणि म्हणायची, "तूप कमी फेसलंत." एवढाच तिचा सहभाग मला आठवतो, आणि तो माझ्या आठवणीतला दोष आहे.

पण बचत गटाचा फराळ आणून तो ताटात घालून शेजारी द्यायला माझी काहीच हरकत नाही. माझं भांडण वॉचमनशी आहे. म्हणजे बिचाऱ्या वॉचमनशी नव्हे.

पाव किलो

आमच्या घरची बेकरी होती, आता गाळा भाड्याने दिलाय. तेव्हा भट्टीच्या या बाजूचंही ऐका. 😀

दिवाळीत पाव बंद करून आठ-दहा दिवस फक्त गिऱ्हाइकांचे पत्रे. चिठ्ठी डब्यावर असते, पत्र्यावर नसते! एका वेळी भट्टीत वीस पत्रे, सगळ्यांवर तेच गोल पांढरे गोळे. वडिलांनी युक्ती काढली होती: एका घराची चारोळी मधोमध, दुसऱ्याचा काजू, तिसऱ्याला बोटाचा खड्डा, चौथ्याला काटा दाबून फुली. तरी दरवर्षी एक तरी बाई यायचीच, "आमचा माल दोन किलोचा होता, डबा भरला कसा नाही? कुणाच्या घरात गेला?" अहो, चांगलं फेसलं तर डबा भरतो, नाही फेसलं तर खाली बसतो. हे सांगून वडील म्हातारे झाले.

पण एक होतं. घरटी कोणी ना कोणी तासन् तास दारात बसलेलं. कुणाची सोयरीक जमली, कुणाचा दवाखाना चाललाय, सगळं भट्टीवर कळायचं.

(नानकटाई मूळची सुरतेची. डचांच्या वखारीतली भट्टी दोतीवाला नावाच्या पारशाकडे आली आणि तिथून ही पसरली असं सांगतात. त्यामुळे 'आपली परंपरा' म्हणताना जरा दमानं.)

शून्य साखर

मुंबईत तर 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. भट्टीचा 'वास' शेजारच्या इमारतीला धूर म्हणूनच पोचतो.

वसईकर

आमच्याकडे हेच नाताळात. कुलकुल करायला अख्खं घर लागतं. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून वळायची, शिंपल्यासारखी. बाबा, काका, पोरं, सगळे टेबलाभोवती. त्यामुळे 'फक्त बायकाच राबतात' हे आमच्या घरापुरतं तरी खरं नाही. तळायला मात्र आईच, ते कबूल.

गोव्याच्या आमच्या मावशीकडे नाताळात ताटं वाटण्याला कोन्सुआद म्हणतात. नेवऱ्या, दोदोल, बोलिन्हा अशा गोडाधोडाचं ताट हिंदू शेजाऱ्यांकडे जातं आणि चवथीला त्यांच्या नेवऱ्या हिच्याकडे येतात.

पण सगळंच गोड नाही. इकडे नवीन इमारतीत राहायला आलो, पहिल्या नाताळाला आईने नऊ ताटं भरली. एका घरातून "अंडं असेल ना यात?" विचारलं. आईने सांगितलं, केकमध्ये आहे, तो वेगळा ठेवलाय, बाकी कशात नाही. ताट घेतलं हसून. दुसऱ्या दिवशी ते सगळं जसंच्या तसं, केकसकट, त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या पिशवीत दिसलं. त्या आमच्याकडेही यायच्या. त्यांनीच सांगितलं, चव चांगली होती म्हणून.

आई पुढच्या वर्षी आठ ताटं भरणार असं मला वाटलं होतं. तिने नऊच भरली. मी तिच्या जागी असतो तर भरली नसती. तेव्हा या धाग्यावर मी नक्की कुठल्या बाजूला आहे ते मलाच ठरवता येत नाहीये.

सई जर्सीतली

इथे डिसेंबरात 'कुकी एक्स्चेंज' असतं. प्रत्येकीने एकाच प्रकारची पाच-सहा डझन बिस्किटं भाजून आणायची आणि जाताना सगळ्यांची थोडी थोडी न्यायची. म्हणजे दहा प्रकार करत मरायला नको. मी नानकटाई नेते. सोबत सामानाची चिठ्ठी लागते, पिस्ता-काजूची ॲलर्जी असलेली मुलं असतात. वसईकरांच्या शेजाऱ्यांनाही चिठ्ठी चालली असती की नाही, माहीत नाही.

खडूस काका

चला, कुणीतरी अक्कल वापरली. एक घर, एक पदार्थ. यावर मी अर्धा पाऊल मागे यायला तयार आहे.

गॅलरी

मी सहसा लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या महिनाभर आधी सासरे गेले. त्या वर्षी आमच्याकडे तळण नाही, कंदील नाही. आमच्याही सोसायटीत खोका योजना होती. धनत्रयोदशीला दाराला खोका अडकवलेला, वर सोनेरी अक्षरात शुभेच्छा. कुणाची चूक नाही, वॉचमनकडे फ्लॅट नंबरांची यादी होती.

पाडव्याला शेजारच्या आजी आल्या. ताटलीत पाच करंज्या आणि थोडा चिवडा. "तुमच्यात यंदा नाही ना, म्हणून आणलं." ताटली टीपॉयवर ठेवली आणि दीड तास बसल्या. सासूबाई महिनाभर कुणाशी बोलत नव्हत्या, त्या दिवशी सासऱ्यांच्या पहिल्या नोकरीपासून सगळं बोलल्या. करंज्या जरा मऊ पडलेल्या होत्या.

खडूस काका

वाईट वाटलं वाचून. पण मग मी म्हणतो, बसायला यायचं तर नुसतं या. ताट कशाला लागतं?

गॅलरी

काका, तुम्ही शेवटचं कुणाकडे रिकाम्या हाताने, विनाकारण, बेल वाजवून गेला होतात?

उंबरठा

काका गप्प. 😀 माझं मत बदललेलं नाही हं. ताट बाजारातल्या फराळाचं असलं तरी आजी तेवढाच वेळ बसल्या असत्या.

तिखटमीठ

मला तेच म्हणायचं होतं, मीटिंगमध्ये सुचलं नाही. सेक्रेटरींना कळवलंय: माझे 350 घ्या, खोका वॉचमनलाच द्या. मी माझ्या मजल्यावरच्या तीन घरी नानकटाई घेऊन जाणार. भट्टी नाही, ओव्हनच. तूप या वेळी नवरा फेसणार आहे. खडूस काका, तुम्ही आमच्या मजल्यावर नाही म्हणून वाचलात.

खडूस काका

आणा ताट, घाबरतो की काय. पण आधीच सांगतो, साखरबिखर काही घालणार नाही. रिकामं परत करीन.

तिखटमीठ

चालेल. विसळून द्या.