घटनेचा मसुदा आधी विषय समित्यांनी लिहावा की एकाच छोट्या समितीनं?

गिरणाकाठ
माझं मत: संसद नवी घटना करायला बसली की लेखणी पहिल्या दिवसापासून सात-आठ जणांच्या हाती असावी. दहा समित्यांना दहा प्रकरणं वाटून दिली की गाडं रुततं. नेपाळ बघा. २००८ ची संविधानसभा ६०१ सभासदांची. दहा विषय समित्या आणि वर एक संवैधानिक समिती. राज्यं किती, सीमा कुठं, सरकार कोणत्या पद्धतीचं, यावर घोडं अडलं. दोन वर्षांची मुदत चारदा वाढवली, तरी मे २०१२ मध्ये सभा घटनेविना संपली. घटना दिली दुसऱ्या सभेनं, सप्टेंबर २०१५ मध्ये.

पारोळेकर
नाना, निदान चुकतंय. अडलं ते पक्षांचं एकमत, समित्यांचं काम नव्हे.
आपल्याकडचा क्रम बघा. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली. तोवर मूलभूत हक्क, प्रांतांची घटना, संघाची घटना, संघाचे अधिकार यांवरचे समित्यांचे अहवाल सभेसमोर येऊन गेले होते. त्या निर्णयांवरून सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी कच्चा मसुदा केला, २४३ कलमं आणि १३ अनुसूची. मसुदा समितीनं तो घासूनपुसून ३१५ कलमं आणि ८ अनुसूचींवर आणला आणि २१ फेब्रुवारी १९४८ ला सादर केला. म्हणजे आधी तत्त्व, मग सभेचा कौल, मग कलमाची भाषा. तत्त्व ठरण्याआधी कलम लिहायला घेतलं तर प्रत्येक स्वल्पविरामावर राजकारण होतं.

गिरणाकाठ
पण लिहिलं कुणी? मसुदा समितीतल्याच टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभेत सांगितलंच: समितीच्या सातांपैकी कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी परदेशी, कुणी संस्थानी कामात. भार बाबासाहेबांवर आला. तरीही मसुदा एकसंध होता, म्हणून तर ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना कलमवार लावता आल्या. त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. दहा समित्यांचे दहा मसुदे असते तर एकच अधिकार एकीनं केंद्राला दिलेला, दुसरीनं राज्याला. दुरुस्ती कशाला सुचवायची मग?

अक्राणीवाला
नाही भो, या एकसंधपणाची किंमत आमच्या डोंगरानं मोजली.
१९३६ च्या ब्रिटिश सरकारच्या आदेशात पश्चिम खानदेशातला अक्राणी महाल, नवापूर पेटा, मेहवासी गावं 'अंशतः वगळलेली क्षेत्रं' होती, म्हणजे नेहमीचे कायदे आपोआप लागू न होणारे आदिवासी भाग. अशा भागांसाठी (आसाम सोडून) ठक्करबाप्पांची वेगळी उपसमिती होती, तिचा अहवालही आला. पण आदिवासी भागांच्या कारभाराच्या पाचव्या अनुसूचीचा अखेरचा साचा ५ सप्टेंबर १९४९ ला मसुदा समितीकडून सभेत आला. एखादा कायदा आदिवासी भागात लागू करू नये, या बाबतीत जनजाती सल्लागार परिषदेच्या शब्दाला १९४८ च्या मसुद्यात जे वजन होतं, ते नव्या साच्यात उरलं नाही. आदिवासी नेते जयपालसिंगांनी परिषद निष्प्रभ केल्याची तक्रार तिथंच केली.
दोष नियतीचा नाही, रचनेचा आहे. विषय समिती अहवाल देऊन मोकळी झाली की तिचा शब्द पुढं कसा बदलला हे तपासायला कुणी जबाबदार राहत नाही.

पारोळेकर
याला तोड दक्षिण आफ्रिकेत सापडते. ४९० सभासद, सहा विषय समित्या, वर ४४ जणांची घटना समिती. आधीच ठरलेली ३४ तत्त्वं, आणि मजकूर त्यांत बसतो का हे घटना न्यायालयानं पाहायचं. मे १९९६ मध्ये मंजूर झालेला मजकूर न्यायालयानं सप्टेंबरात परत पाठवला, दुरुस्त झाल्यावर डिसेंबरात मान्य केला. दोन तृतीयांश बहुमत जमलंच नाही तर काय, तेही आधी लिहून ठेवलेलं: तज्ज्ञांकडे, मग ६० टक्क्यांचं सार्वमत, तरीही नाही तर नवी निवडणूक. ही शिडी आधीच बांधलेली असली की नुसती मुदत वाढवत बसणं परवडत नाही.

गिरणाकाठ
शिडी मान्य. पण त्यांची ३४ तत्त्वं निवडणुकीआधीच्या वाटाघाटीत ठरली, समित्यांत नव्हे. म्हणजे छोट्या टेबलावरच ना?

अक्राणीवाला
टेबल छोटं असू द्या. पण मसुदा समितीत प्रत्येक विषय समितीचा एक सभासद पदसिद्ध हवा. त्याच्या प्रकरणाचा शब्द बदलला की जुना-नवा मजकूर शेजारी छापायचा आणि कारण नोंदवायचं. पाचव्या अनुसूचीला एवढं जरी मिळालं असतं तरी वाद सभेत उघड लढता आला असता.

गिरणाकाठ
तुलनात्मक तक्ता जरूर छापा. पदसिद्ध सभासद नकोत. दहा समित्यांचे दहा जण आले की सातांचे सतरा झाले. जो तो आपलं प्रकरण आलं की येणार, इतर दिवशी गणपूर्तीचे वांधे.