विहिरीच्या पाण्यातलं शिसं मातीने निघतं का? बजेट दोन हजार

गंगापूरकर: विहीर नाल्याकाठी, वरच्या अंगाला कारखाने. तपासणीत शिसं लिटरला 0.04 मिलिग्रॅम आलं; पिण्याच्या पाण्याची मर्यादा 0.01. आम्ही टँकरचं पितो, पण म्हशी-शेळ्या याच पाण्यावर. चिकणमाती शिसं धरते म्हणतात. कुणी केलंय?

पैठणचा_दादा: सरळ आरओ घ्या. मी अठरा हजारांचा घेतला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) 900 वरून 60. पाणी एकदम गोड.

जालनेकर: दादा, म्हशीला आरओ? आणि टीडीएस मीटरवर शिसं वेगळं कळत नाही.

पैठणचा_दादा: आरओ शिसं काढतो, हे तर खरं ना?

लातूरची_ताई: तुरटी फिरवा. सासूबाई आयुष्यभर तेच करत आल्या.

रसायनवाला: ताई, तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेल्या शिशासाठी तिच्यावर विसंबू नका. आपल्या काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो. ते कॅल्शियम, सोडियम सोडतात आणि शिसं, कॅडमियम धरतात. बेंटोनाइट या विकत मिळणाऱ्या चिकणमातीत हेच खनिज भरपूर. पाणी आंबट असेल तर पकड ढिली पडते. सहा-संयुजी क्रोमियम मात्र पाण्यात स्वतःच ऋण भाराचं असतं, त्याला साधी माती धरत नाही. क्रोमियम तपासलंय का?

शेततळेवाला: मेव्हण्याने बेंटोनाइट फिल्टरमध्ये दाबून भरलं. फुगून असं बसलं की थेंब उतरेना! अहो, शेततळं गळू नये म्हणून वापरतात ते. पिंपात ढवळा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढा.

जालनेकर: निवळायला वेळ लागतो, तिथे तुरटी चालेल.

लातूरची_ताई: मी तेच म्हणत होते.

बीडचा_भाऊ: माती कशाला ढवळताय, नाल्यात सोडणाऱ्यांची लेखी तक्रार करा. आमच्या गावाने केली, वर्ष झालं, कुणी फिरकलं नाही.

गंगापूरकर: क्रोमियम नाही आलं. विकतचं बेंटोनाइट नको, रानातलीच काळी माती घेतो.

रसायनवाला: त्या रानाला हेच पाणी देता ना? मग मातीने आधीच शिसं धरलं असेल. बेंटोनाइटच घ्या.

पैठणचा_दादा: आरओ हप्त्यावरही मिळतो.

गंगापूरकर: मामांच्या कोरडवाहू रानातली आणतो, तिथे नाल्याचं पाणी कधी गेलेलं नाही. उरलेल्या पैशांत निवळलेलं पाणी पुन्हा तपासतो. तोवर जनावरांनाही टँकरचंच. खालचा गाळ उकिरड्यावर टाकला तर?

रसायनवाला: नको, तेच शिसं खतातून रानात जाईल. झाकणाच्या डब्यात वेगळा साठवा.